नागम्माच्या कोनाड्यातले प्रस्थान

धामणवाडीच्या केवळाबाईचा तवा त्या माघात किती वेळा बांधला गेला आणि किती वेळा सुटला, हे खुद्द केवळाबाईलाही सांगता आलं नसतं. सकाळच्या भाकरी झाल्या की तवा नीट निवायच्या आत पोत्यात जायचा, आणि संध्याकाळी चूल पेटली की पुन्हा पोत्यातून बाहेर यायचा. एकदा तर बाई इतकी वैतागली, की तवा पोत्यातच राहू दिला आणि फुटक्या रांजणाच्या खापरीवर भाकरी भाजल्या. नवऱ्यानं घास तोंडात घातला, दाताखाली कचकन खडा आला. तो त्यानं गुपचूप काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला. चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? त्या दिवसांत त्या घरात नवराबायकोनं भांडायचं नाही, अशी बंदी होती. ती बंदी घातली होती पंचांगानं, आणि पंचांग होतं नवऱ्याच्या हातात.

दिवस मोगलाईचे, पण अगदी शेवटचे. पलीकडे बार्शीला इंग्रज जाऊन स्वराज्य आलं होतं. अलीकडे लातूर-मुरुडाकडे निजामाचा अंमल तसाच चालू होता. मधली सरहद्द म्हणजे काय, तर एक घाट, एक नाका आणि नाक्यावर बांबूचा एक आडवा दांडा. दांड्याच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. बैलाला विचाराल तर त्याला दोन्हीकडची माती सारखीच. पण माणसाला सारखी राहिली नव्हती. आज अमक्या गावात रझाकार आले, काल तमक्या गावची गंज पेटली, अशा खबरा रोज यायच्या. एकेक घर गुपचूप निघून जायचं. सकाळी बघावं तर दाराला कुलूप आणि अंगणात नुसतं मांजर.

केवळाबाईला स्वतःसाठी जायचं नव्हतं. कंधारचं माहेर सोडून ती परकरात असताना या घरी आली, तेवढा एकच मुक्काम तिनं जन्मात हलवला होता, आणि तेवढा तिला पुरे होता. पण तिची लेक केशर पहिलटकरीण होती. पाचव्या महिन्यातच माहेरी आली होती. जावई शिरूर अनंतपाळचे. त्यांनी निरोप धाडला होता की आमच्याकडं परत आणू नका, तिथंही ठेवू नका, बार्शीला मामाकडं न्या. आता आठवा लागला की पोरीला बैलगाडीत घालायचं नाही, हा बायकांचा कायदा. तो निजामालाही मोडता आला नसता. होळीच्या सुमारास केशरला आठवा लागत होता. म्हणजे त्याच्या आत सरहद्द ओलांडायची, नाहीतर बाळंतपण धामणवाडीतच. आणि धामणवाडीची सुईण तर संक्रांतीच्या आधीच पलीकडे गेली होती.

इतकं सगळं उघड असताना मग अडलं कुठं? अडलं नवऱ्यापाशी.

नवरा म्हणजे रेणुकादास जोशी. गावाचा जोशी. लग्नाची तिथी असो, विहिरीचा पहिला खड्डा असो, की सुगीतली पहिली रास असो, माणसं आधी त्याच्या ओट्यावर यायची. आणि या वर्षी माणसं एकाच कामासाठी येत होती. येणारा आधी मागं वळून बघायचा, मग खाली बसायचा, आणि हळूच विचारायचा, ‘‘महाराज, पश्चिमेला जायला बरा दिवस कोनता?’’ रेणुकादास दिवस काढून द्यायचा. अर्धं गाव त्यानं असं वाटेला लावलं होतं. अर्ध्या गावाला वाट दाखवणारा हा माणूस, स्वतःच्या घराला मात्र दिवस सापडेना.

इथं प्रस्थानाची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आता ती चाल कुणी पाळत नाही. पूर्वी असं होतं, की मुहूर्त चांगला आहे पण त्या दिवशी निघणं जमत नाही, तर काय करायचं? फडक्यात मूठपसा तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरचं एखादं वस्त्र असं बांधायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कुणाच्या घरी ते गाठोडं ठेवून यायचं. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणायचे. गाठोडं घराबाहेर पडलं म्हणजे माणूस घराबाहेर पडला. मग चार दिवसांनी निघालात तरी शास्त्राच्या हिशेबानं तुम्ही मुहूर्तावरच निघालेले. फक्त ते फार दिवस ठेवायचं नाही; ठेवलं तर शिळं होतं, मग नव्या मुहूर्तावर नवं ठेवायचं. आणि एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घरी आणलं, तर प्रवास मोडला. शिवाय निघायच्या आधी दाढी-डोई करायची नाही, दूध प्यायचं नाही, आणि बायकोशी भांडण काढायचं नाही.

धामणवाडीत पश्चिमेचं शेवटचं घर माणिकप्पा वाण्याचं. त्याची बायको नागम्मा मूळची कानडी मुलखातली, बोलणं मोठं, हात त्याहून मोठा. तिच्या ओसरीतल्या कोनाड्यात त्या हिवाळ्यात गावाची गाठोडी दाटीवाटीनं बसलेली असायची. एकेकाचं गाठोडं यायचं, दोनचार दिवस राहायचं, आणि एका पहाटे धन्याबरोबर निघून जायचं. राहायचं ते एकच. जोशीबुवाचं.

‘‘जोशीणअक्का,’’ नागम्मा म्हणायची, ‘‘सगळ्यांची गाठोडी पावण्यावानी येतेत आन जातेत. तुमचंच तेवढं घरजावई होऊन बसलं बगा. त्याला आता जेवायला वाडू का?’’

केवळाबाई हसायची. हसल्यावर तिला आणखी थकल्यासारखं वाटायचं.

पौष तर असाच गेला. पौषात शुभ काही करत नाहीत, हे पोरासोरांनाही ठाऊक. माघ लागला. रोज संध्याकाळी केशर आत निजली, की नवराबायकोचं एकच बोलणं.

‘‘उद्याचा दिवस कसा आहे?’’

‘‘उद्या शुक्रवार. पश्चिमेला शूल.’’

‘‘परवा?’’

‘‘परवा भद्रा.’’

‘‘तेरवा?’’

‘‘तेरवा रविवार. पुन्हा शूल.’’

‘‘अहो, मग पश्चिमेच्या लोकांनी घरी जावं तरी कधी?’’

रेणुकादास यावर दाढी खाजवायचा. दाढी आता चांगली बोटभर वाढली होती. प्रस्थान ठेवलेलं, म्हणून न्हाव्याला बोलवायचं नाही. प्रस्थान शिळं झालं की नवं, म्हणून पुन्हा न्हाव्याला बोलवायचं नाही. दारात गाय दुभती, पण याला दूध वर्ज्य. कोरा काढा प्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. केवळाबाईला वाटायचं, एकदा पदर खोचावा आणि याला असं सुनवावं, असं सुनवावं, की पंचांगातले सगळे ग्रह एका रांगेत उभे राहतील. पण बंदी. रागावून निघालेल्या प्रवासाला यश नसतं. आणि पोरीच्या प्रवासाला अपयश यावं असं काही तिच्या हातून व्हायला नको होतं. म्हणून ती सगळं भांडण गिळायची आणि तवा पोत्यातून काढायची.

तिचा बेत मात्र कधीचा पक्का झाला होता. घर हलवायचं, पण घर हलवतोय असं दिसू द्यायचं नाही. नाक्यावर भरलेलं बिऱ्हाड दिसलं की परत फिरवायचे, नाहीतर सगळं उतरवून ठेवून घ्यायचे. म्हणून जातं न्यायचं नाही. जातं गाडीत घालून कुणी पाहुणं जात नाही. देव्हारा न्यायचा नाही. देव मात्र न्यायचे, पण ते पिठाच्या डब्यात. तांब्याची भांडी एकात एक घालून वर चिंध्या. लुगडी पेटीत घालायचीच नाहीत. अंगावरच नेसायची, एकावर एक. गाय माणिकप्पाच्या भावाकडे. आणि तवा? तवा पाहिजेच. दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच्या तव्यावर ती कशी भाकरी करणार? भावजयीनं एकदा जरी ‘‘वन्सं, जरा हळू’’ म्हटलं असतं, तर ते तिला जन्मभर लागलं असतं.

या बेतात एक अडचण होती. भांडी एकात एक घातली की पाणी कशात तापवायचं? चिंध्या वर बांधल्या की पुसायचं कशानं? सामान तयार ठेवायचं आणि त्यातच संसारही करायचा, म्हणजे उभं राहून झोपण्यातला प्रकार. केवळाबाईच्या गाठी गावात प्रसिद्ध होत्या; तिनं मारलेली गाठ तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे. पण रोज तीच गाठ मारून आणि सोडून तिची नखं मोडली. दुपारी ती भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. हातात सुतळी तशीच.

गाडी हणमंताची ठरली होती. हणमंत गावातलाच कुणबी, तोंडानं फाटका, मनानं भला. तो रोज सकाळी ओट्यापाशी येऊन उभा राहायचा.

‘‘महाराज, आज?’’

‘‘आज नाही, हणमंता.’’

‘‘रोज बैलास्नी पेंड चारून तयार ठिवतो. आता बैलच विचारून राहिलेत मला, जायाचं का न्हाई म्हून. त्यास्नी काय सांगू?’’

‘‘सांग, ग्रहमान बरं नाही.’’

‘‘सांगितलं. लई हसले.’’

बाकीचं गाव समजायचं, की जोशीबुवा मुहूर्तासाठी अडलेत. केवळाबाईला खरं काय ते माहीत होतं. मार्गशीर्षात पाटलाच्या आळीतल्या शेषेरावांनी दिवस विचारला होता. रेणुकादासानं दिवस काढून दिला. चांगला स्वच्छ दिवस, एकही दोष नाही. शेषेरावांची गाडी घाटात उलटली. बाकीची माणसं खरचटून वाचली, पण त्यांची सून केशरसारखीच अवघडलेली होती. तिचं मूल गेलं. ती खबर आली त्या दिवशी रेणुकादास ओट्यावरून उठून आत आला, भिंतीकडं तोंड करून निजला, आणि जेवला नाही. त्यावर तो कधी एक शब्द बोलला नाही. पण तेव्हापासून त्याला प्रत्येक दिवसात खोट दिसायला लागली. लोकांना अजून द्यायचा, पण दिल्यावरही पुन्हा पंचांग उघडून बघायचा. आणि स्वतःच्या लेकीसाठी तर त्याच्या हातून दिवस निघेचना.

हे कळत होतं म्हणून केवळाबाई जास्तच दमत होती. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. भ्यालेल्या नवऱ्याचं काय करायचं?

अशी माघातली अमावास्या उजाडली. रेणुकादासानं सकाळीच पंचांग उघडलं, मिटलं, आणि जमिनीकडं बघत म्हणाला, ‘‘ते प्रस्थान शिळं झालं. परत घेऊन ये.’’

केवळाबाई राख घेऊन भांडी घासत होती. ‘‘परत? नवं ठेवायचं ना?’’

‘‘नाही. फाल्गुनात बळ नाही. आता होळी झाल्यावर बघू.’’

‘‘होळीला केशरला आठवा लागतो.’’

रेणुकादास पंचांग बाजूला सारत हळूच म्हणाला, ‘‘मग इथंच.’’

इथंच. सुईण नसलेल्या गावात. केवळाबाईच्या तोंडाशी सगळं आलं. दोन महिन्यांचं गिळलेलं सगळं. पण प्रस्थान अजून कोनाड्यात होतं, म्हणजे बंदी अजून चालू होती. तिनं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. गाठोडं परत आणलं की प्रवास मोडला. आणि ते मोडायला नवऱ्यानं तिलाच पाठवलं होतं. वाट रोजची, पण त्या दिवशी पाय शेतातल्या ओल्या चिखलातून काढावेत तसे उचलावे लागत होते.

नागम्माच्या दाराला कुलूप होतं.

ओसरीला लावलेल्या फळ्यांच्या फटीतून तिनं आत बघितलं. कोनाडा दिसत होता. रिकामा.

ती ओट्यावर बसली. समोरच्या आडावर हणमंत बैलांना पाणी पाजत होता. तो पोहरा ठेवून जवळ आला.

‘‘वैनी, हितं काय बसल्या? वाणी गेला की. पहाटंच. त्याला मुरुडहून कायतरी खबर आली म्हनं, दूध तापवायला सुदीक थांबले न्हाईत.’’

‘‘आणि आमचं गाठोडं?’’

‘‘तेच सांगून राहिलो. गाडी हालली, आन नागम्मा मधीच उडी टाकून उतरली. वाणी वरडतोय, ही आपली कुलूप काढून आत. गाठोडं छातीशी धरून आली. मी म्हणलो, अव्वा, ते जोशीबुवाचं हाय, ऱ्हाऊ द्या की. तर म्हणली, अमानत हाय, रिकाम्या घरात टाकू का? मी म्हणलो, मग त्यांच्या घरी देऊन या. तर मलाच डाफरली: घरी नेलं की परवास मोडतो, तुज्या जोशीबुवानंच सांगितलंय न्हवं? आन गेली घेऊन.’’

‘‘कुठं?’’

‘‘आता वाणी कुटं जानार? बार्शीला.’’

केवळाबाई बसून राहिली. ऊन ओट्यावर चढलं. आपलं गाठोडं आता मुरुडाच्या पुढं, कुठल्यातरी गाडीत, नागम्माच्या मांडीवर बसून चाललं असेल. मूठपसा तांदूळ, हळकुंड आणि नवऱ्याचं जुनं उपरणं. तिला त्या गाठोड्याचा हेवा वाटला. त्याला कुणी रोज सोडत नव्हतं, बांधत नव्हतं. बसलं आणि निघालं.

मग तिला भीती वाटली. हा आता काय म्हणेल? प्रस्थान हरवलं म्हणेल, अपशकुन म्हणेल, वर्षभर हलणार नाही. वाटेत तिनं शब्द जुळवून बघितले, पण जुळवण्याइतकी ताकद उरली नव्हती. घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, ‘‘गाठोडं गेलं.’’

‘‘कुठं?’’

‘‘बार्शीला. माणिकप्पाच्या गाडीत. आज पहाटे.’’

रेणुकादासानं पंचांग हातात घेतलं. पान उलटलं. पुन्हा मागं आला. ओठ हलत होते. शास्त्रात प्रस्थान ठेवायचे नियम होते, किती दिवस ठेवायचं याचे होते, कुणाच्या घरी ठेवायचं याचे होते. प्रस्थानानंच उठून निघून जावं, आणि धनी घरी बसलेला असावा, असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता.

‘‘म्हणजे मी गेलो,’’ तो शेवटी म्हणाला.

‘‘हो. गेलात.’’

‘‘पण मी तर इथं आहे.’’

‘‘ते दिसतंय मला,’’ केवळाबाई म्हणाली, आणि उंबऱ्यावरच बसली.

‘‘आणि आज अमावास्या! अमावास्येला कुणी हलवलं ते?’’

‘‘मी नाही. तुम्ही नाही. नागम्मानं. तिला कुठं ठाऊक आज काय आहे?’’

आतून केशरच्या कूस बदलण्याचा आवाज आला, आणि दमलेला एक सुस्कारा. रेणुकादासानं तिकडं बघितलं. मग बायकोकडं. त्याच्या त्या वाढलेल्या दाढीतून शब्द वर यायला वेळ लागला.

‘‘म्हणजे हा दिवस मी काढलेला नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘शेषेरावांचा मी काढला होता.’’

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘स्वच्छ होता गं दिवस. पुन्हा पुन्हा बघितला मी. अजूनही बघतो. एक दोष नाही त्यात.’’

केवळाबाई उठली, त्याच्या हातातलं पंचांग घेतलं आणि खुंटीवरच्या झोळीत ठेवलं. तो बसल्या जागी डोळे पुसत होता. मग त्यानंच हाक मारली, आणि दोन महिन्यांत त्याचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता:

‘‘हणमंता! जुंप!’’

सामान भरायला वेळ लागला नाही. तवा पोत्यात होताच. इतके दिवस बांधून-सोडून केवळाबाईच्या हातांना सगळं पाठ झालं होतं. डोळे मिटूनही तिला कुठली गाठ कुठं, ते सांगता आलं असतं. देव पिठात बसले. जात्यावर तिनं पोतं घातलं, त्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, आणि दाराला कडी घातली. तिच्या अंगावर चार लुगडी होती आणि ऊन माघाचं असूनही वैशाखाचं वाटत होतं. केशरच्या पाठीशी गोधड्या रचल्या. हणमंतानं बैलांच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाला, ‘‘सांगितलं की ग्रहमान सुधारलं.’’

वाटेत बोलायला कुणात त्राण नव्हतं. गाडीचा कण्हता आवाज, धूळ, आणि मधूनमधून केशरचं ‘‘आई, पाणी.’’ तेरणेचं पात्र ओलांडलं. मुक्काम एका ओळखीच्या वस्तीवर केला. दुसऱ्या दिवशी घाट लागला तसा रेणुकादास खाली उतरला आणि एका चाकाला हात लावून पायीच चालू लागला. ‘‘महाराज, बसा की वर,’’ हणमंत म्हणाला. तो बसला नाही. सगळा घाट त्यानं चाकाला धरून काढला. जणू त्याच्या हातानंच गाडी सरळ राहणार होती.

घाट संपला आणि नाका आला. बांबूच्या दांड्याशी खाटेवर जमादार बसला होता. म्हातारा, मिशीला मेंदी लावलेला, आणि तोही कंटाळलेलाच. दिवसभर लोकांची गाठोडी उपसून त्याचाही जीव विटला असणार.

‘‘कां चले पंडितजी?’’

‘‘बार्शीला. लेकीचं बाळंतपण. मामाकडे.’’

जमादार गाडीभोवती फिरला. चिंध्या चाचपल्या. मग त्याच्या हाताला पोतं लागलं आणि त्याच्या आतलं कडक, गोल. गाठ सुटेना. त्यानं दाबून बघितलं.

‘‘ये क्या? तवा?’’

केवळाबाईनं पदर आणखी पुढं ओढला.

‘‘बाळंतपण को जारे, तो तवा कायकू? मामू के घर में तवा नै?’’

केवळाबाईला वाटलं, आता झालं. ज्या तव्यानं मला दोन महिने छळलं, तोच आता परत फिरवणार. जमादारानं तिच्याकडं बघितलं, तिच्या फुगलेल्या लुगड्यांकडं, मग गोधड्यांत डोळे मिटून पडलेल्या केशरकडं. शेवटी रेणुकादासाकडं. त्या दाढीकडं, भस्म लावलेल्या कपाळाकडं.

‘‘पंडितजी, जोशी दिखरै तुम. घर से कब निकले?’’

‘‘काल दुपारी.’’

‘‘कल?’’ जमादारानं बोटांवर हिशेब केला. ‘‘कल तो अमावस थी.’’

‘‘होती,’’ रेणुकादास म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली.

जमादार खाटेवर जाऊन बसला आणि दांड्यावरच्या शिपायाला म्हणाला, ‘‘खोल रे. मेरी आधी उमर नाक्यावर गई. जोशी अमावस को घर छोडकू नै जाता. मरने को बी नै निकलता वो. पोरी का सच्ची में वखत आया होएंगा. जाने दे, बिचारे परेशान दिखरै.’’

दांडा वर गेला. गाडी त्याच्याखालून निघाली, तेव्हा रेणुकादास काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. बहुतेक अमावास्येचं काही सांगणार होता. केवळाबाईनं त्याला असा चिमटा काढला, की त्याचा वळ बार्शीपर्यंत होता.

बार्शीत तिचा भाऊ व्यंकट शाळेत शिकवायचा. त्यानं आपल्या शेजारचीच एक खोली घेऊन ठेवली होती. केशरला बाजेवर निजवलं. सामान आत आलं. आणि दारात नागम्मा उभी. धर्मशाळेत उतरली होती, गाडी आल्याची खबर लागताच आली होती.

‘‘घ्या जोशीणअक्का, तुमचा घरजावई. वाटंनं लई शानं वागला. रडला न्हाई, काय न्हाई.’’

केवळाबाईनं गाठोडं हातात घेतलं. तिचीच गाठ, जशीच्या तशी. ती भिंतीला टेकून बसली, गाठोडं उशाशी घेतलं, आणि नागम्मा काय बोलत होती ते तिला अर्धंच ऐकू आलं.

डोळे उघडले तेव्हा खोलीत धूर होता. चुलीपुढं एक परका माणूस उकिडवा बसून फुंकणीनं फुंकत होता. स्वच्छ घोटलेली हनुवटी, कानापाशी पांढरा साबण. केवळाबाई घाबरून उठणार, तोच त्या माणसानं वळून बघितलं.

‘‘न्हाव्याकडं जाऊन आलो,’’ रेणुकादास म्हणाला. ‘‘प्रवास झाला ना. प्रस्थानाचे तांदूळ टाकलेत. गाठ सुटली नाही, दातानं सोडली.’’

पातेल्यात भात कसातरी शिजत होता. केवळाबाई त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

‘‘प्रवास झाला,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे बंदी उठली.’’

‘‘उठली.’’

‘‘मला तुमच्याशी भांडायचं आहे.’’

‘‘भांड.’’

तिनं तोंड उघडलं. कुठून सुरू करावं, हेच तिला आठवेना. खापरीवरच्या भाकरीपासून? शुक्रवारपासून? मार्गशीर्षापासून? ‘‘आज नाही,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या भांडते.’’ आणि पुन्हा आडवी झाली.

उद्या पाणी लांबून आणायचं होतं. परवा सरपण. मग केशरचे दिवस भरत आले, आणि वैशाखात ती सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली. भांडण तसंच राहून गेलं. भाद्रपदात मोगलाई संपली. बांबूचा दांडा कुणीतरी सरपणाला नेला. माणसं परत गावाकडं निघाली. हणमंत गाडी घेऊन आला, आणि दारात बैल सोडून म्हणाला, ‘‘चला महाराज.’’

रेणुकादासानं खुंटीवरची झोळी काढली. पंचांग उघडलं.

‘‘आता पूर्वेला जायचं,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या शनिवार. पूर्वेला शूल. परवा बघू...’’

तेव्हा केवळाबाई भांडली. प्रस्थान कुठंच ठेवलेलं नव्हतं, कुठलीही बंदी नव्हती, आणि गिळलेलं सगळं अजून तसंच ताजं होतं. तिनं खडा काढला, खापरी काढली, दाढी काढली, घरजावई काढला. व्यंकट शाळेतून जेवायला आला आणि दारातूनच परत गेला. नागम्मा धर्मशाळेतून ऐकायला आली आणि मधूनमधून ‘‘हाव, हाव’’ म्हणून आधार देत बसली. हणमंतानं बैलांपुढं वैरण टाकली आणि स्वतः भिंतीला टेकून निवांत बसला. पुढं गावात तो सांगायचा, की एवढं भांडण त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नाही, आणि एक शब्द फुकट गेला नाही त्यातला. रेणुकादास मान खाली घालून ऐकत होता. मधे एकदा तो हसला, त्याबद्दल आणखी थोडं झालं.

ऊन कललं तेव्हा ती थांबली. घसा बसला होता. तांब्यातलं पाणी प्यायली, उठली, आणि तवा पोत्यात घातला.

त्यावर गाठ मारली. धामणवाडीला पोचेपर्यंत ती सोडायची वेळ आली नाही.